मुंबईच्या पोटातील शंख : सागरी गोगलगायींच्या जीवाश्मांची ओळख

लोअर परळ, प्रभादेवी, दादर या सखल भागांत नव्या इमारतीच्या पायासाठी खोल खड्डा घेतला, की वरचा भराव संपल्यावर बहुधा निळसर-काळी, चिकट माती लागते. तिच्यात शंख-शिंपल्यांचे तुकडे मिसळलेले असतात. बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडे, माहीमच्या बाजूस, शंख-शिंपले, वाळू आणि गोटे चुन्याने एकमेकांना चिकटून झालेला ओबडधोबड दगड आढळल्याच्या नोंदी आहेत. जुन्या भूवैज्ञानिकांनी त्याला ‘किनारी काँक्रीट’ म्हटले. कोकणात असा दगड ‘करल’ या नावाने ओळखला जातो. मुंबई मुळात सात बेटांची होती, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या बेटांमधला समुद्र कोठवर होता, उथळ होता की खोल, तळाशी चिखल होता की वाळू, हे नकाशे काढणारा कोणी येण्यापूर्वीच्या काळासाठी सांगू शकतील असे साक्षीदार म्हणजे हे शंख. मात्र त्यांची साक्ष घेण्यापूर्वी साक्षीदार कोण, याची खात्री करून घ्यावी लागते.

एक शहर, दोन काळ

मुंबई बेटावर खडकाच्या दोन रांगा आहेत. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी आणि पूर्वेला डोंगरी, माझगाव, परळ, शीव अशी दुसरी. त्यांच्या मधला गिरगावपासून ताडदेव, लोअर परळ आणि दादरपर्यंतचा बराच भाग सखल आहे. १७८० च्या दशकात हॉर्नबी व्हेलार्ड हा बांध घालून महालक्ष्मी-वरळीजवळची खिंड बुजवण्यापूर्वी भरतीचे पाणी या सखल भागात आतवर शिरत असे. तेथील चिखलात आढळणारे शंख भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी अलीकडचे, काही शतके ते काही हजार वर्षांचे आहेत. त्यांना काटेकोरपणे जीवाश्म न म्हणता अर्धजीवाश्म म्हणण्याची पद्धत आहे.

पश्चिमेकडील रांगेखाली मात्र निराळेच जग गाडले गेले आहे. दख्खनच्या ज्वालामुखीचा लाव्हा थांबून थांबून वाहिला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि पुढच्या लाव्हाने तो झाकून टाकला. अशा गाळाच्या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. वरळीच्या या थरात सापडलेल्या चिमुकल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. मुंबईच्या लष्करी सेवेतील शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये बेटाच्या भूरचनेवर सविस्तर निबंध लिहिला आणि येथील जीवाश्म कासवाला नाव दिले. बेडूक, कासवे आणि गोड्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राणी, असा हा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा संसार आहे. त्यात समुद्राचा मागमूस नाही.

मुंबईतील या थरांत शंख फार नाहीत. त्यांचे भांडार नागपूरकडे सापडले. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर परिसरातील अंतरा-ट्रॅपी थरांतून गोड्या पाण्याच्या गोगलगायी गोळा केल्या आणि १८६० मध्ये त्यांचे वर्णन छापले. त्याच निबंधात त्यांनी आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या थरांतील शंखही घेतले. ते टुरिटेला आणि सेरिथियम या गटांतील, म्हणजे सागरी व खाडीतील होते. एकाच लाव्हाच्या राज्यात नागपूरला तळे होते आणि राजमहेंद्रीला समुद्राचा शिरकाव झाला होता, हे मुख्यतः गोगलगायींवरून समजले. ओळखण्यात चूक झाली असती, तर मध्य भारतात नसलेला समुद्र नकाशावर उमटला असता.

डावे वळण, उजवे वळण

नागपूरच्या थरांतील सर्वांत परिचित गोगलगाय म्हणजे सोवर्बी यांनी १८४० मध्ये नाव दिलेली फायसा प्रिन्सेपी. तिचे कवच डाव्या वळणाचे आहे. शंखाचे निमुळते शिखर वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले असता तोंड उजव्या हाताला आले तर तो उजव्या वळणाचा आणि डाव्या हाताला आले तर डाव्या वळणाचा, असा प्राणिशास्त्राचा संकेत आहे. बहुसंख्य सागरी शंख उजव्या वळणाचे असतात. त्यामुळे थरात डाव्या वळणाचे शंख भरपूर दिसले, की अभ्यासक प्रथम गोड्या पाण्याची शंका घेतो.

येथे मराठी वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव आहे. देवघरात दुर्मीळ व मौल्यवान मानला जाणारा ‘दक्षिणावर्ती’ शंख प्राणिशास्त्राच्या भाषेत डाव्या वळणाचा ठरतो. पूजेत शंख धरताना शिखर खाली आणि नळीचे टोक वर असते. साहजिकच डावे-उजवे उलटे होते. दोन्ही परंपरा आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त शंख धरण्याची रीत वेगळी आहे.

वळण ही पहिली पायरी. त्यानंतर वेटोळी किती, ती फुगीर की सपाट, त्यांमधली सांधरेषा खोल की उथळ, पृष्ठावर उभ्या बरगड्या आहेत की आडव्या रेघा, हे पाहिले जाते. सर्वाधिक माहिती मिळते ती तोंडाशी. तोंडाच्या खालच्या कडेला श्वसननळीसाठी पन्हळ किंवा खाच असेल, तर प्राणी बहुधा मांसभक्षक किंवा मृतभक्षक गटातला. तरी सेरिथियमसारखे शाकाहारी शंखही आखूड पन्हळ बाळगतात, हा अपवाद ध्यानात ठेवावा लागतो. मधल्या खांबावर घड्या आहेत का, ओठ जाड होऊन बाहेर वळला आहे का, हेही तपासावे लागते. ओठ पूर्ण वाढलेल्या शंखातच पक्का होतो. पिल्लाचा शंख वेगळ्याच जातीचा वाटू शकतो. कवडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लहानपणी तिचे कवच पातळ, रुंद तोंडाचे असते आणि पुढे दातेरी फट असलेली ओळखीची कवडी तयार होते.

मुंबईच्या चिखलातील उंच, मनोऱ्यासारख्या शंखांनी नवशिक्याला नेहमीच चकवले आहे. टुरिटेला, सेरिथियम, टेलिस्कोपियम आणि पिरेनेला हे सारे झिजल्यावर सारखेच दिसतात. टुरिटेलाच्या तोंडाला पन्हळ नसते आणि ती भरती-ओहोटीच्या पट्ट्याखाली मऊ तळात राहते. टेलिस्कोपियम हा जाडजूड, गडद रंगाचा शंख खारफुटीच्या चिखलात सापडतो. पिरेनेला सिंग्युलाटा हा त्याचा लहान भाऊबंद खाडीच्या उघड्या चिखलावर हजारोंनी पसरलेला असतो. म्हणजे तोंडाची एक कड तुटल्याने ओळख चुकली, तर खारफुटीच्या जागी खुला समुद्र लिहिला जाण्याचा धोका असतो. खडकाला धरून राहणारे नेरिटा आणि लुनेला, वाळूत राहणारी बटणासारखी चकचकीत अंबोनियम, हे प्रत्येकी आपला पत्ता बरोबर घेऊनच येतात.

कवचाच्या अगदी टोकाशी अळीच्या अवस्थेतले इवलेसे आद्यकवच असते. ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते आणि लाटांनी घासलेल्या नमुन्यात बहुधा नष्ट झालेले असते. ते टिकले असेल, तर त्या जातीची अळी समुद्रात तरंगत दूर जात होती की अंड्यातून थेट छोटी गोगलगाय बाहेर येत होती, हे सांगता येते. बेटांच्या बाबतीत हा प्रश्न कळीचा आहे, कारण तरंगती अळी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहोचते.

नावांचा प्रवास

तुलनेसाठी आजच्या शंखांची विश्वसनीय यादी लागते. मुंबईला ती बऱ्याच आधी मिळाली. अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबई किनाऱ्यावरील शंखांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले आणि मेल्व्हिल यांच्यासह १८९३ मध्ये मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी मँचेस्टर येथून प्रसिद्ध केली. मेल्व्हिल यांनी त्याच वर्षी नाव दिलेल्या एका लहान खडकाळ शंखाच्या नावात कोकण कायमचे कोरले गेले आहे : सेमिरिसिनुला कोंकणेन्सिस. पुढे सुब्रह्मण्यम, करंदीकर व मूर्ती यांनी १९५१ आणि १९५२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मुंबईच्या सागरी गोगलगायींचे दोन भागांत वर्णन केले. सामान्य वाचकासाठी दीपक आपटे यांचे भारतीय शंखांवरील पुस्तक सोसायटीने १९९८ मध्ये काढले.

या ग्रंथांतील नावे मात्र आज जशीच्या तशी वापरता येत नाहीत. जुन्या यादीतला सेरिथियम पुढे सेरिथिडिया झाला आणि २०१६ मधील एका पुनर्परीक्षणानंतर तोच पिरेनेला म्हणून ओळखला जाऊ लागला. किनाऱ्यावरील थेस या खडबडीत शंखांपैकी काही जाती २०१३ पासून इंडोथेस या नव्या प्रजातीत गेल्या. उदरपाद वर्गाची मोठी विभागणीही बदलली. श्वसनेंद्रियांच्या जागेवर आधारलेली एकोणिसाव्या शतकातली रचना मागे पडली आणि २००५ व २०१७ मध्ये बुशे, रॉक्रॉआ व सहकाऱ्यांनी मांडलेले वर्गीकरण रूढ झाले. त्याला जनुकीय पुराव्याचा मोठा आधार आहे. जीवाश्माजवळ मऊ शरीर नाही आणि जनुकेही नाहीत. त्यामुळे जिवंत जातीचे स्थान जनुकांवरून ठरवायचे आणि जीवाश्माला केवळ कवचाच्या साम्यावरून तिच्याशेजारी बसवायचे, एवढाच मार्ग उरतो. काही हजार वर्षांच्या मुंबईच्या शंखांबाबत तो निर्धोक आहे, कारण त्या जाती आजही किनाऱ्यावर आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शंखांना आजच्या प्रजातींची नावे देताना मात्र जुन्या अभ्यासकांचा उत्साह अनेकदा पुराव्याच्या पुढे गेलेला दिसतो.

तो तेथे आला कसा?

जात अचूक ओळखली तरी काम अर्धेच होते. मुंबई हे भरावाचे शहर आहे. १९२० च्या दशकातील बॅकबे योजनेत बंदरातील चिखल उपसून, नळांवाटे वाहून पश्चिमेच्या समुद्रात टाकण्यात आला. त्या चिखलाबरोबर पूर्वेकडील बंदरातले शंखही पश्चिम किनाऱ्यावर आले. उद्या त्या भागात खोदणाऱ्याने ते पाहून येथे शांत खाडी होती असा निष्कर्ष काढला, तर शंखाची ओळख बरोबर आणि इतिहास चूक, असे होईल. चुन्यासाठी शिंपले भाजण्याची जुनी रीत आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांतून खाऊन टाकलेली कालवे व तिसऱ्या यांचे ढीगही असेच फसवे असतात. शिवाय संन्यासी खेकडा मेलेल्या गोगलगायीचे घर पाठीवर घेऊन हवे तेथे नेतो.

म्हणून शंख कसे पडले आहेत, हे पाहिले जाते. शिंपल्याची दोन्ही झाकणे जोडलेली आहेत का? लहान-मोठे सारे नमुने एकत्र आहेत की लाटेने एकाच आकाराचे निवडले आहेत? नेरिटा किंवा लुनेलाचे चुनखडी झाकण शंखाच्या तोंडाजवळच सापडते का? शंखावर कडा उतरत्या असलेले नीटस गोल भोक असेल, तर ते नॅटिका गटातल्या शिकारी गोगलगायीने पाडलेले असते. म्हणजे त्या जागी शिकार आणि शिकारी दोघेही जगत होते, असे मानण्यास आधार मिळतो.

वयाचा प्रश्न कार्बन-१४ पद्धतीने सोडवला जातो. कोकण किनाऱ्यावरील करल आणि कालवांच्या थरांचा अभ्यास १९७० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी संबंधित संशोधकांनी हाती घेतला. समुद्री कवचात जुन्या पाण्यातला कार्बनही असतो. त्यामुळे वय प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसते आणि दुरुस्ती करावी लागते. मूळ ॲरागोनाइट खनिज विरघळून त्याचे कॅल्साइट झाले असेल, तर तो नमुना कालमापनासाठी बाजूला ठेवावा लागतो. क्ष-किरण चाचणीत हा फरक कळतो.

या साऱ्यामागचा मूळ वाद जुना आहे. १८७८ मध्ये प्रिन्सेस डॉक खोदताना बंदराच्या चिखलाखाली खैराच्या झाडांची शेकडो खोडे सापडली; अनेक आपल्या जागी उभी होती. म्हणजे पूर्वेला जमीन पाण्याखाली गेली. पश्चिमेला मात्र किनारी काँक्रीटचे काही थर भरतीच्या रेषेच्या वर होते. म्हणजे तेथे समुद्र मागे हटला. बेट एका बाजूला बुडाले आणि दुसरीकडे वर आले, असे त्या काळी सुचवले गेले. हिमयुगाच्या अखेरीस जगभर समुद्र सुमारे १२० मीटरनी चढला आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आला, हे आता माहीत आहे. त्यामुळे बुडालेल्या जंगलासाठी जमीन खचलीच पाहिजे असे नाही. पश्चिमेकडील थर समुद्र काही काळ आजच्याहून थोडा उंच असल्याने तयार झाले, वादळी लाटांनी रचले, की जमिनीच्या हालचालीने उचलले गेले, हे ठरवताना पुन्हा शंखांकडेच वळावे लागते. जागच्या जागी जगलेले खडकाळ शंख पातळी सांगतात. फेकले गेलेले शंख फक्त लाटेचा जोर सांगतात.

प्रशांत महासागरात अशाच परीक्षेचा निकाल नाट्यमय लागला. एनिवेटॉक या प्रवाळ बेटावर १९५२ मध्ये घेतलेले छिद्र सुमारे १,४०० मीटर चुनखडक भेदून ज्वालामुखीच्या खडकापर्यंत पोहोचले. बेट हळूहळू बुडत गेले आणि प्रवाळ वर वाढत राहिले, हा डार्विन यांचा तर्क त्यामुळे पक्का झाला. हॅरी लॅड यांनी तेथील प्रवाळ बेटांच्या नमुन्यांतील शंख ओळखत नेले, तेव्हा सागरी जातींच्या गर्दीत खोलवर जमिनीवरच्या गोगलगायी निघाल्या. आज पाण्याच्या जेमतेम वर असलेली ती बेटे मधल्या काळात उंच, झाडीने झाकलेली होती, हे त्या मूठभर शंखांनी दाखवले.

मुंबईत अशी छिद्रे संशोधनासाठी क्वचितच घेतली जातात. पायाच्या कामासाठी मात्र ती नित्य घेतली जातात. भूछिद्राच्या अहवालात बहुधा ‘शंखयुक्त सागरी चिकणमाती’ एवढी नोंद होते आणि नमुना टाकून दिला जातो. संग्रहालयात पोहोचणाऱ्या शंखासोबत खड्ड्याची जागा, खोली, वरच्या-खालच्या थरांचे वर्णन आणि तारीख नसेल, तर तो कितीही सुबक असला तरी अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही. झिजलेला, अर्धवट तुटलेला पिरेनेला ‘परळ, जमिनीखाली सहा मीटर, निळ्या मातीत, मुरमाच्या वर’ अशा चिठ्ठीसह आला, तर अभ्यासक त्याचीच निवड करतील.