मंदावलेल्या नजरेची साक्ष

वाचक या ओळी वाचीत असता त्यांची दृष्टी सलग सरकत नाही. ती लहान लहान उड्या घेत जाते. या उड्यांचा हुकूम सोडणारे पेशीसमूह मेंदूच्या बुंध्यात असतात. ते झिजले म्हणजे काय होते, हे दाखविण्याचा मान महाराष्ट्रातील एका वैद्याकडे जातो, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली ‘ब्रेन’ या विलायती नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली. या घराण्यांत पिढ्यानुपिढ्या चाल अडखळे, वाणी जड होई. ही लहान मेंदूच्या ऱ्हासाची लक्षणे होत. अशा ऱ्हासात बुबुळे पुष्कळदा आपोआप थरथरतात, हे वैद्यांस ठाऊक होते. येथे मात्र निराळाच प्रकार होता. रोग्याने एकीकडून दुसरीकडे पाहू म्हटले, तरी नजर उडी घेईना. ती संथपणे सरके. एवढ्यावरून हा निराळा रोग आहे, असे वाडियांनी ठरविले.

पुढे १९९६ साली त्या रोगाचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर ओळखले गेले. त्यातील एका त्र्यक्षरी खुणेची पुनरावृत्ती निरोगी माणसात बहुधा २२ वेळा होते. रोग्यांत ती वाढलेली असते. १९९८ साली वाडियांनी सहा भारतीय घराण्यांत या जनुकाचा व मंद नजरेचा संबंध मांडला. प्रयोगशाळेची साक्ष डोळ्यांच्या साक्षीमागून पाव शतकाने आली!

आमच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते खेड्यांतील रुग्णांकडे पाहूनच. जनुकाची परीक्षा खेड्यात होणे नाही. परंतु रोग्यापुढे दोन बोटे धरून आळीपाळीने पाहावयास सांगणे कोठेही शक्य आहे. रोगावर रामबाण औषध आजही नाही, आणि बाधित माता किंवा पिता असल्यास प्रत्येक अपत्यास निम्मा धोका असतो. मग निदानाचा उपयोग काय? झोकांड्या खाणाऱ्या माणसास गाव दारूबाज ठरवितो, घरचे दैवास किंवा पूर्वजांच्या पापास दोष देतात. निदानाने तो कलंक पुसला जातो, आणि पुढील पिढीस विचार करावयास अवसर मिळतो. आमच्या मते हा लाभ औषधाच्या खालोखाल आहे.