अपक्षाचं पत्रक

नगरपालिकेच्या निवडणुकीत पक्षाचा उमेदवार कोण आणि अपक्ष कोण, हे आमच्या छापखान्याच्या दारातच कळायचं. पक्षाचा माणूस छापील कागदांचा गठ्ठा घेऊन यायचा. मजकूर पुण्या-मुंबईहून तयार आलेला असायचा, वर बैलजोडी किंवा झोपडी किंवा पणती. आम्ही खाली फक्त उमेदवाराचं नाव आणि वॉर्ड टाकायचो. अपक्ष मात्र शाळेच्या वहीचं पान घडी घालून आणायचा. त्यावर पेन्सिलीने खाडाखोड केलेली असायची आणि पहिल्या ओळीतच एखाद्या बोळाचं नाव असायचं.

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, स्वातंत्र्यानंतर लगेच तालुक्याच्या गावी ट्रेडल छपाई मशीन टाकली. मी शाळेतून आले की केसपुढे उभी राहून खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायची; पुढे तोच माझा धंदा झाला. प्रत्येक निवडणुकीच्या पत्रकाची एक प्रत आप्पा काढून ठेवत, त्यांच्यामागे मी ठेवत आले. त्या गठ्ठ्याकडे पाहून मी ठामपणे म्हणते की गावाला काय हवं होतं आणि ते कोणत्या क्रमाने हवं होतं, याची खरी नोंद अपक्षांच्या पत्रकांत आहे. नगरपालिकेच्या इतिवृत्तात मंजूर झालेले ठराव सापडतात. जे मागितलं गेलं आणि ज्यासाठी लोक हरले, ते तिथे सापडत नाही.

मुळात आपल्याकडे नगरपालिका जन्मल्या त्या पक्षांच्या कितीतरी आधी. १८५० च्या कायद्याने गावच्या रहिवाशांनी मागणी केली तर नगरपालिका स्थापन करता येऊ लागली. झाडलोट, रस्ते आणि रॉकेलचे कंदील एवढाच तिचा संसार. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा, त्यानंतर १८८४ चा कायदा आला आणि निवडलेल्या सभासदांना खऱ्या अर्थाने जागा मिळू लागल्या. मत मात्र कर भरणाऱ्यालाच. घरपट्टी न भरणारा, म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणारा, वेठीला जाणारा, गावकुसाबाहेरचा, तो यादीतच नाही. बाई तर जवळजवळ नाहीच. उमेदवार वकील, सावकार, पेढीवाला. त्या काळात सगळेच आजच्या भाषेत अपक्ष होते, तरी ते बोलत ते आपल्या पेठेपुरतं.

अशा सभागृहात एकटा माणूस काय करू शकतो, याचं उदाहरण म्हणून आप्पा जोतीराव फुल्यांचं नाव घेत. फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेत होते, तेही सरकारनियुक्त सभासद म्हणून, निवडून आलेले नव्हेत. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. पुण्यात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हाही त्यांनी नगरपालिकेला लिहिलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी तत्त्वाचं भाषण करून सोडून दिलं नाही. ही रक्कम या कामावरून काढा आणि त्या कामावर घाला, असं सांगितलं. नगरपालिकेत धोरण म्हणजे एवढंच असतं: हाच रुपया कुठे जाणार.

दुसरं उदाहरण महाडचं. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी खुलं झालं, तळ्यावर अस्पृश्यांपैकी कोणालाही जाऊ दिलं नाही. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावाची पहिली अंमलबजावणी झाली, आणि परतणाऱ्यांना मारहाण झाली. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले, पण ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याचा दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल लागला. एका तळ्यासाठी तेरा वर्षं. नगरपालिकेत ठराव होणं आणि नळाला पाणी येणं यांत किती अंतर असू शकतं, हे मला कोणी विचारलं तर मी महाड सांगते.

स्वातंत्र्यानंतर सरसकट मताचा हक्क आला आणि निवडणुकीचा खरा धंदा छापखान्यांना मिळाला. आता घरपट्टी न भरणाराही मतदार होता, त्याच्यापर्यंत पोचायचं तर पत्रक हवं. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की अपक्षांना चिन्हं मिळत आणि त्यानंतर मतदानापर्यंत फार थोडे दिवस उरत. त्यामुळे चिन्हवाटप झालं की संध्याकाळपासून छापखान्यात रांग. कपबशी, छत्री, शिट्टी, नारळ, पतंग, कपाट यांचे ब्लॉक आप्पा पुण्याहून करून आणत, लाकडाच्या ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा बसवलेले. तीन वॉर्डांत तिघांना छत्री मिळाली की एकच ब्लॉक तिन्ही फॉर्मांत, म्हणजे जुळवलेल्या पानांत, फिरायचा. कोणाचं आधी छापायचं यावरून भांडण नको म्हणून आप्पा पाटीवर खडूने नंबर लिहीत.

खिळे मुंबईच्या गुजराती टाईप फाउंड्रीचे. देवनागरीच्या केसमध्ये जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या धरून शेकड्यांनी घरं असतात, आणि निवडणुकीत ‘ळ’ चं घर सगळ्यात आधी रिकामं व्हायचं. नळ, गाळ, पाळी, गल्लीतला काळोख, मंडळ, बाळंतिणींची सोय, गरिबांचा कळवळा, सगळीकडे ‘ळ’. एक फॉर्म मशीनवर असला की दुसऱ्याच्या पत्रकाला ‘ळ’ उरत नसे. मग पहिला फॉर्म छापून उतरवायचा, रॉकेलने पुसायचा, खिळे आपापल्या घरात टाकायचे आणि पुन्हा तेच ‘ळ’ उचलून दुसऱ्याचा नळ जुळवायचा. रात्रीच्या दोनला कंदिलाशी हे काम मी केलं आहे. शेवटची ओळ छापखान्याच्या नावाची. १८६७ च्या कायद्यापासून मुद्रकाचं नाव आणि ठिकाण कागदावर घालणं बंधनकारक होतं, आणि आप्पा ती ओळ कधी चुकवत नसत. उमेदवाराने दिलेल्या शब्दाखाली आपलंही नाव आहे, असं ते म्हणत.

गठ्ठ्यातली सुरुवातीची पत्रकं वाचली तर पहिलं कलम सार्वजनिक नळाचं. नुसतं ‘पाणीप्रश्न सोडवू’ असं कोणी लिहीत नसे. अमक्याच्या वाड्याच्या कोपऱ्यावर नळकोंडाळं, सकाळी इतके वाजता, संध्याकाळी इतके वाजता. त्याखाली दिवाबत्ती, म्हणजे कोणत्या खांबावर दिवा नाही ते. मग गटार, मग बाजारातल्या बसण्याच्या जागेची पावती. १९७२ च्या दुष्काळानंतर पाण्याच्या कलमात टँकर आणि नवी विहीर आली. १९७४ साली नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला गेला, तेव्हा पहिल्यांदा अख्ख्या गावाचं पत्रक छापलं. एका अपक्ष हायस्कूल मास्तरांनी त्यात नगरपालिकेच्या वर्षाच्या जमेचा तक्ता छापायला लावला. जकात किती, घरपट्टी किती, सरकारी अनुदान किती. आकड्यांचे खिळे जुळवताना माझी बोटं दुखली, पण आमच्या गावाचा पैसा जकातीच्या नाक्यावर येतो हे मला त्या पत्रकाने शिकवलं. मास्तर पडले.

एका पत्रकाविषयी मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे. आमच्या गावात टोपलीचे संडास होते. पहाटे मागच्या बोळातून बाया यायच्या, संडासाची मागची झडप उघडायच्या, टोपली पाटीत ओतायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागायच्या. पावसाळ्यात ती गळायची. त्या बायांच्या कपाळावरून, खांद्यावरून काय ओघळायचं ते आम्ही सगळे पाहत होतो. बर्वे समितीने १९४९ ते १९५२ या काळात या कामगारांच्या स्थितीची चौकशी करून डोक्यावरची वाहतूक बंद करायला सांगितलं होतं, तरी आमच्याकडे पाटी चालूच होती. सत्तरच्या दशकात सफाई कामगारांच्या वस्तीतला एक तरुण अपक्ष उभा राहिला. त्याच्या पत्रकात चार कलमं होती. पाटी बंद करून हातगाडी द्यावी. गमबूट द्यावेत. वस्तीत स्वतंत्र नळ द्यावा. आठवड्याची एक पगारी सुट्टी द्यावी. पत्रकात विशेषण एकही नाही, ‘विकास’ हा शब्द नाही.

तो मजकूर द्यायला दारात उभा राहिला, आत येईना. आप्पांनी त्याला आत बोलावून माझ्या शेजारी स्टुलावर बसवलं आणि प्रूफ त्यालाच वाचायला दिलं. ‘हातगाडी’च्या आधी ‘लोखंडी’ घाला, लाकडी गाडी कुजते, एवढी एक दुरुस्ती त्याने सांगितली. काम माहीत असणारा माणूस धोरण लिहितो तेव्हा त्यात लोखंडी हा शब्द येतो. तोही पडला. पण पुढच्या निवडणुकीत हातगाडीचं कलम दोन पक्षांच्या पत्रकांत आलं, आणि गाड्या आल्या. त्याचं नाव कुठल्याही कोनशिलेवर नाही. ही प्रथा बंद करणारा केंद्राचा कायदा १९९३ साली झाला.

बायकांना राखीव जागा आल्या, राज्यात आधी तीस टक्के, घटनादुरुस्तीनंतर तेहतीस, २०११ पासून पन्नास. पहिल्या फेरीत पुष्कळ पत्रकांवर नवऱ्याचं नाव मोठ्या टाईपात आणि बाईचं लहान. माझ्याकडे आलेल्या अशा मजकुरात मी बाईचं नाव मोठं करून दाखवायची, काही ऐकत, काही पुन्हा उलटं करून नेत. पण ज्या बाया स्वतः अपक्ष उभ्या राहिल्या त्यांच्या पत्रकांनी कलमांचा क्रम बदलला. सार्वजनिक संडासाला आतून कडी आणि बाहेर दिवा, हे कलम पुरुषांच्या एवढ्या वर्षांच्या पत्रकांत एकदाही नाही. पाणी रात्री एकला सोडू नका, हेही बाईनेच लिहिलं, कारण रात्री एकला उठून भरणारी तीच होती.

मग अपक्षाचं वजन कमी का झालं? फ्लेक्समुळे, पैशामुळे, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. मला दोन कारणं जास्त मोठी वाटतात. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. नाक्यावरचा त्रास आणि खाबूगिरी गेली हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर गावाच्या हातातला स्वतःचा पैसाही गेला. आता तो सरकारी अनुदानातून यायचा, आणि अनुदान-निधी आणायचा तर मुंबईत ओळख लागते. ‘निधी कोण आणणार?’ या एका प्रश्नापुढे अपक्षाची चारही कलमं लटकी पडायला लागली. दुसरं कारण सभागृहातलं. पक्षांतराला आळा घालायला १९८६ चा कायदा झाला, तो हवाच होता. पण समित्यांत जागा मिळायच्या त्या गटांना, म्हणून निवडून आलेले अपक्ष आघाडी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवू लागले. आघाडीचा गटनेता म्हणेल तिकडे हात वर करायचा. बोळाचं नाव लिहून निवडून आलेला माणूस महिनाभरात कुणाच्या तरी आकड्यातला एक झाला. मतदाराला हे समजायला वेळ लागला नाही.

त्यानंतर तर राज्यभर मुदत संपलेल्या नगरपालिकांवर प्रशासक बसले आणि वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही. गटार तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडायची सोय उरली नाही, साहेबाला अर्ज द्यायचा. डिसेंबर २०२५ मध्ये अखेर मतदान झालं, तेव्हा आमच्या दुकानात ट्रेडल नव्हती, संगणक होता. एक मुलगी अपक्ष उभी होती. तिच्या यादीत सांडपाणी प्रक्रिया, कचऱ्याचं वर्गीकरण, घरपट्टीच्या फेरआकारणीवरच्या हरकती आणि मोकाट कुत्र्यांची नसबंदी अशी कलमं होती. मी तिला म्हटलं, बाळ, प्रत्येक कलमापुढे ठिकाण लिही. नाल्याचं नाव, आळीचं नाव, किती घरं. तिने दोन दिवस फिरून लिहून आणलं. निकाल इथे महत्त्वाचा नाही. तिने लिहिलेल्या ठिकाणांची यादी आज नगरपालिकेच्या कोणत्याही कागदात नाही, आणि ती माझ्या गठ्ठ्यात आहे.

हा गठ्ठा मी आता गावच्या वाचनालयाला देते आहे. तिथल्या तरुण ग्रंथपालाने आस्थेने विचारलं, निवडून आलेल्यांची पत्रकं एका फाईलला लावू आणि पडलेल्यांची दुसऱ्या फाईलला? मी नको म्हटलं. वॉर्डाप्रमाणे लावा, आणि वॉर्डाच्या हद्दी दर वेळी बदलतात म्हणून आळीप्रमाणे लावा. म्हणजे एखाद्या आळीतल्या माणसाला आपल्या नळासाठी कोणी कोणी, कोणत्या सालापासून मागणी केली, ते एका फाईलमध्ये वाचता येईल.