घरगुती औषधोपचार, पुणे शहरातील

सर्दी, खोकला, अपचन, जुलाब, किरकोळ जखम यांसारख्या नित्याच्या तक्रारींवर वैद्याकडे न जाता स्वयंपाकघरातील मसाल्याचे पदार्थ, परसातील वनस्पती व बाजारातील काष्ठौषधी यांचा जो उपयोग करतात, त्यास घरगुती औषधोपचार म्हणतात. महाराष्ट्रात त्यास ‘आजीबाईचा बटवा’ असे लौकिक नाव आहे. बटवा म्हणजे दोरीने आवळून बंद करावयाची लहान कापडी पिशवी. घरातील वडीलधारी स्त्री तीत सुंठ, वेखंड, हिरडा, जायफळ, ज्येष्ठमध इ. जिन्नस जपून ठेवी. पुणे शहरात ही परंपरा, आयुर्वेदाचे संस्थात्मक शिक्षण व आधुनिक विज्ञान ही तिन्ही परस्परांच्या निकट नांदत आली. तोंडी चालत आलेले हे ज्ञान लेखी व परीक्षणक्षम कसे झाले आणि त्या प्रवासात त्याने काय मिळविले व काय गमावले, हे या शहराच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसून येते.

तयार करण्याच्या रीती : आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट अशा पाच मूलभूत कृती सांगितल्या आहेत. शार्ङ्गधरसंहितेनुसार क्वाथासाठी एक भाग औषधीत सोळा भाग पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवितात. फांटात औषधीवर चौपट कढत पाणी ओतून ते गाळून घेतात, तर हिमात सहापट थंड पाण्यात औषधी रात्रभर भिजत ठेवतात. घराघरांतील रीती याच कृतींची सोपी रूपे होत. अडुळशाच्या पानांचा रस मधातून देणे हा स्वरस, सहाणेवर सुंठ उगाळून कपाळावर लावणे हा कल्काचाच प्रकार, धने-जिऱ्यांचे रात्रभर भिजविलेले पाणी हा हिम, तर तुळस, आले, मिरी व गूळ घालून उकळलेला काढा हा क्वाथ होय.

चहाचे पेय रूढ झाल्यावर या परंपरेला नवे वाहन मिळाले. गवती चहा हे चहाशी संबंध नसलेले एक सुगंधी गवत आहे. परंतु त्याची पाती आल्याबरोबर चहात उकळण्याची पद्धत सर्वत्र पसरली. १८८६ मध्ये सुरू झालेल्या व आता महात्मा फुले मंडई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाजारातही गवती चहाच्या जुड्या भाजीबरोबर विकल्या जातात. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी विसाव्या शतकात पुण्यात काढलेल्या ‘अमृततुल्य’ दुकानांतील चहातही आले व वेलदोडा हे बटव्यातील जिन्नस आढळतात.

मात्रा : या उपचारांत वजनमापे क्वचितच वापरीत, तथापि मात्रेचा विचार नव्हता असे नाही. बाळगुटी हे याचे उत्तम उदाहरण होय. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, काकडशिंगी, वेखंड, जायफळ, मायफळ, अतिविष इ. द्रव्ये सहाणेवर दुधात वा पाण्यात उगाळताना प्रत्येकाचे किती वळसे घ्यावयाचे, हे मुलाचे वय व तक्रार पाहून ठरत असे. जायफळ वा वेखंड यांचे वळसे कमी ठेवीत. प्रमाण कागदावर नव्हते. ते उगाळणाऱ्या स्त्रीच्या हाताला ठाऊक होते.

ऐतिहासिक आढावा : पेशवाईत उत्तम वैद्यांचा आश्रय असूनही थोरले माधवराव पेशवे यांचा १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने अकाली मृत्यू झाला. तत्कालीन वैद्यकाच्या मर्यादा यावरून लक्षात येतात. १८६७ मध्ये ससून रुग्णालय सुरू झाले, तरी बहुसंख्य कुटुंबांत आजाऱ्याची शुश्रूषा घरीच होत असे. १८९७ च्या प्लेगमध्ये या व्यवस्थेला मोठा हादरा बसला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखाली सैनिकांनी घरे तपासून रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविले. घराच्या आतील भागावर आलेल्या या गदेमुळे तीव्र असंतोष पसरला व त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. मात्र प्लेगवर काढ्यांचाही उपाय चालला नाही. लोकमान्य टिळकांनी या काळात हिंदू रुग्णांसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. म्हणजे सक्तीला विरोध करणाऱ्यांनाही रुग्णालयाची गरज मान्य होती.

यानंतर घरगुती ज्ञानाची दोन प्रकारे पुनर्रचना झाली. शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांच्या आर्यभिषक् या ग्रंथामुळे वनस्पती, त्यांचे गुण व त्यांवरील उपाय मराठी वाचकांस छापील स्वरूपात उपलब्ध झाले. दुसरीकडे, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले व शुश्रूषेला व्यवसायाचे रूप आले. टिळक आयुर्वेद महाविद्यालय (१९३३) व आयुर्वेद रसशाळा (१९३५) या संस्थांमुळे औषधी ओळखणे व तयार करणे हे पाठ्यक्रमाचे व उत्पादनाचे विषय बनले. १९४६ मध्ये स्थापन झालेली व पुढे आघारकर संशोधन संस्था म्हणून प्रसिद्ध झालेली संस्था, तसेच भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्र (१९५५) यांमुळे वनस्पतींच्या शास्त्रीय निश्चितीची सोय झाली.

हळदीचे एकस्व : तोंडी ज्ञान लेखी असण्याचे महत्त्व १९९५ मध्ये प्रकर्षाने प्रत्ययास आले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्यासंबंधी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास त्या वर्षी एकस्व (पेटंट) देण्यात आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक रघुनाथ माशेलकर हे तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने या एकस्वास हरकत घेतली. घरोघरी जखमेवर हळद दाबतात, हे सांगणे पुरेसे नव्हते. पूर्वप्रसिद्ध लेखी पुरावा आवश्यक होता. परिषदेने ग्रंथांतील उतारे व १९५३ मधील एक वैद्यकीय निबंध यांसह पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये एकस्व रद्द झाले. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश तयार करण्याचे काम भारतात हाती घेण्यात आले.

गुणदोष : परीक्षणात काही उपायांना आधार मिळाला. अडुळशातील व्हॅसिसीन या अल्कलॉइडावरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झीन हे औषध विकसित झाले. उलटपक्षी काही धोकेही उघड झाले. वेखंडातील बीटा-ॲसरोन हे द्रव्य प्राण्यांत कर्ककारक आढळल्याने १९६८ मध्ये अमेरिकेत वेखंडाच्या खाद्यपदार्थांतील वापरावर बंदी घालण्यात आली. ज्येष्ठमधाच्या दीर्घकाळ सेवनाने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. एक वर्षाखालील बालकास मध दिल्यास बॉट्युलिझम ही विषबाधा होण्याचा संभव असतो, तर पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे बाळगुटीची प्रथा आज समर्थनीय मानली जात नाही.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड-१९ चे रुग्ण पुण्यात आढळले. त्यानंतर केंद्रीय आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी व मनुका यांचा काढा सुचविला आणि काढे व गुळवेल यांचे सेवन फार वाढले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताची इजा नोंदविली. वापरलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. या वादातील दोन्ही प्रश्न, म्हणजे मात्रा किती व वनस्पती कोणती, हे बटव्याच्या काळी एकाच जाणत्या व्यक्तीच्या अखत्यारीत होते. छापील पुस्तक व बाजारातील पुडी यांनी उपायांचा प्रसार केला. परंतु ती व्यक्ती मागे पडली. तिने पाहिलेले सर्वच बरोबर होते असे नव्हे. पण तिची जागा घेण्यास नुसती कृती पुरेशी नसून वनस्पतीची निश्चिती, मोजलेली मात्रा व आजार बळावल्यास वेळीच वैद्यकीय साहाय्य घेण्याची तयारी यांची जोड आवश्यक ठरते.