पुन्हा परीक्षेला बसण्याचा प्रश्न : अमेरिकेतील खासगी शाळांच्या प्रवेशपरीक्षांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या एका माजी विद्यार्थिनीचा अमेरिकेतील न्यू जर्सी येथून दूरध्वनी आला. तिची मुलगी आठवीत शिकत होती. नववीपासून तिला एखाद्या चांगल्या खासगी शाळेत घालावे, असा पतिपत्नींचा विचार होता. त्यासाठी मुलीने नोव्हेंबरमध्ये एसएसएटी ही प्रवेशपरीक्षा दिली होती. राज्याच्या शालेय चाचणीत नेहमी अग्रभागी असणाऱ्या या मुलीचा एसएसएटीतील शततमक जेमतेम 58 आला होता. अर्जाची मुदत जानेवारीच्या मध्यास संपत होती. "मॅडम, तुम्ही इतिहास शिकवता हे मला ठाऊक आहे. तरी सांगा, मुलीला पुन्हा बसवू का?" असा तिचा प्रश्न होता. त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मात्र या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे आणि तो जाणून घेतल्यावाचून उत्तर देणे योग्य ठरणार नाही, असे वाटले. प्रस्तुत निबंधाचा उगम त्या दूरध्वनीत आहे.

'पुन्हा बसावे की न बसावे' हा वरवर पाहता कौटुंबिक निर्णय आहे. तथापि परीक्षा कोणी निर्माण केली, ती नेमके काय मोजते असे मानले गेले, आणि दुसरी संधी कोणाला परवडते, या तीन गोष्टींनी त्या निर्णयाची चौकट आधीच आखलेली असते. ही चौकट कशी घडत गेली याचा मागोवा घेणे हे या निबंधाचे उद्दिष्ट होय.

स्वतंत्र परीक्षांपासून सामाईक परीक्षेपर्यंत

अमेरिकेतील खासगी माध्यमिक शाळांची परंपरा जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधील फिलिप्स अकादमी, अँडोव्हर ही शाळा 1778 मध्ये, तर न्यू हॅम्पशायरमधील फिलिप्स एक्सेटर अकादमी 1781 मध्ये स्थापन झाली. विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन प्रवेशासाठी तयार करणे हे अशा शाळांचे एक प्रमुख कार्य होते. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक महाविद्यालय आपली स्वतंत्र परीक्षा घेत असे. प्रत्येकाचा अभ्यासक्रम निराळा असल्याने एकाच वर्गातील मुलांना निरनिराळ्या महाविद्यालयांसाठी निरनिराळी तयारी करावी लागे.

ही अडचण दूर करण्यासाठी 1900 मध्ये 'कॉलेज बोर्ड' या नावाने पुढे परिचित झालेल्या मंडळाची स्थापना झाली. या मंडळाच्या जून 1901 मधील पहिल्या परीक्षेस 973 विद्यार्थी बसले. ही परीक्षा निबंधवजा उत्तरांची आणि नेमलेल्या अभ्यासक्रमावर आधारलेली होती. अशा परीक्षेत अनुत्तीर्ण होण्याचा अर्थ 'अभ्यास अपुरा झाला' एवढाच होता. अभ्यास पुरा करून पुन्हा येणे ही स्वाभाविक गोष्ट होती आणि त्यामागे कोणतेही तात्त्विक कोडे नव्हते.

अभियोग्यता चाचणी आणि तिच्यातील अंतर्विरोध

हे चित्र पहिल्या महायुद्धानंतर पालटले. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर सैनिकांच्या वर्गवारीसाठी मोठ्या प्रमाणावर बुद्धिमापन चाचण्या वापरण्यात आल्या. त्या कार्याशी निगडित असलेले प्रिन्स्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगॅम यांच्या नेतृत्वाखाली कॉलेज बोर्डाने 'स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट', म्हणजेच एसएटी, तयार केली. 23 जून 1926 रोजी झालेल्या पहिल्या एसएटीस 8,040 विद्यार्थी बसले. विद्यार्थी काय शिकला आहे यापेक्षा त्याच्या ठायी शिकण्याची किती क्षमता आहे हे मोजणे हा या चाचणीमागील दावा होता. ब्रिगॅम यांनी 1923 मध्ये वांशिक गटांच्या बुद्धिमत्तेसंबंधी मांडलेले निष्कर्ष 1930 मध्ये स्वतःच मागे घेतले, ही गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. चाचणीचा प्रसार मात्र थांबला नाही. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट आणि त्यांचे सहकारी हेन्री चॉन्सी यांनी शिष्यवृत्तीच्या निवडीसाठी तिचा पुरस्कार केला. 1947 मध्ये 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' (ईटीएस) ही संस्था स्थापन झाली आणि चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

येथे एक महत्त्वाचा अंतर्विरोध दिसून येतो. वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी पुनःपुन्हा घेणे निबंधवजा परीक्षेच्या तुलनेने सोपे असते. समान काठिण्यपातळीच्या अनेक प्रश्नपत्रिका तयार करता येतात आणि उत्तरे यंत्राने तपासता येतात. परंतु जी क्षमता उपजत व स्थिर आहे असे मानले, ती चार आठवड्यांनी पुन्हा मोजून काय साधणार? म्हणजे ज्या परीक्षेला पुन्हा बसणे सर्वांत सोयीचे झाले, तिच्याच मूळ तत्त्वानुसार पुन्हा बसणे निरर्थक ठरत होते. आजच्या पालकांच्या मनातील द्विधावस्था या अंतर्विरोधातून आलेली आहे. 'मुलीची कुवतच एवढी असेल' ही भीती आणि 'पुन्हा दिली तर गुण वाढतील' ही आशा, या दोन्हींचा उगम एकाच चाचणीच्या इतिहासात सापडतो.

शिकवणीवर्गांचे आव्हान

या तत्त्वाला पहिला मोठा धक्का विद्यापीठाबाहेरून बसला. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे स्टॅन्ली कॅप्लन यांनी 1938 मध्ये घरच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या. महायुद्धानंतर ते एसएटीची तयारी करून घेऊ लागले. अभियोग्यता चाचणीत शिकवणीने विशेष फरक पडत नाही, अशी परीक्षा घेणाऱ्यांची भूमिका होती. तरीही विद्यार्थ्यांची रीघ वाढतच गेली. अखेर 1979 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या चौकशीत काही शिकवण्यांमुळे गुणांत मर्यादित वाढ होऊ शकते असे दिसून आले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने प्रश्नपत्रिका व उत्तरे विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देण्यासंबंधी कायदा केला. 1990 मध्ये एसएटीच्या नावातील 'ॲप्टिट्यूड' हा शब्द बदलून 'असेसमेंट' करण्यात आला आणि पुढे ती आद्याक्षरे केवळ नाव म्हणून उरली. एका शब्दाची ही माघार लहान वाटली, तरी तिचा अर्थ मोठा होता. गुण हे उपजत कुवतीचे माप आहे, हा दावा सौम्य झाला होता.

यातून एक न्याय्य आणि एक अन्याय्य असे दोन परिणाम झाले. पहिला निकाल अंतिम मानण्याचे कारण उरले नाही, ही न्याय्य बाजू. परंतु दुसरी संधी घेण्यासाठी शुल्क, शिकवणी, मोकळा वेळ आणि माहितगार पालक लागतात. ज्याच्याजवळ हे सारे आहे त्यालाच त्या संधीचा पुरा उपयोग होतो, ही अन्याय्य बाजू.

एसएसएटी, आयएसईई आणि पुनर्परीक्षेचे नियम

खासगी शाळांच्या प्रवेशासाठीची एसएसएटी ही 1957 मध्ये सुरू झाली. काही शाळांनी एकत्र येऊन तिच्यासाठी मंडळ स्थापन केले आणि प्रारंभीच्या काळात चाचणी तयार करण्याचे काम ईटीएसकडे होते. साहजिकच एसएटीची घडण या परीक्षेतही उतरली. आयएसईई ही दुसरी परीक्षा 1989 पासून सुरू झाली. ती घेणारी 'एज्युकेशनल रेकॉर्ड्स ब्युरो' ही संस्था 1927 पासून कार्यरत आहे.

पुन्हा बसण्याबाबत दोन्ही परीक्षांची परंपरा भिन्न आहे. एसएसएटी दीर्घकाळ वर्षातील ठरावीक शनिवारी घेतली जात असे आणि विद्यार्थ्याला एकाहून अधिक वेळा बसता येत आले आहे. आयएसईईला पूर्वी सहा महिन्यांत एकदाच बसता येत असे. अलीकडच्या नियमानुसार वर्षाच्या तीन हंगामांत प्रत्येकी एकदा बसता येते. प्रत्येक वेळचे शुल्क शंभर डॉलरांहून अधिक आहे. गरजू कुटुंबांसाठी शुल्कमाफीची तरतूद असली, तरी ती मिळविण्यासाठी प्रथम तिची माहिती असावी लागते.

याहूनही महत्त्वाचा नियम म्हणजे कोणते गुण शाळेला कळतात हा होय. एसएटीबाबत 2009 मध्ये कोणत्या वेळचे गुण महाविद्यालयाला कळवावेत हे निवडण्याची मुभा विद्यार्थ्याला देण्यात आली. खासगी शाळांच्या परीक्षांतही गुणपत्रक कोणाला पाठवायचे हे कुटुंब ठरवू शकते. पहिला निकाल झाकता येत असेल, तर पुन्हा बसण्यातील धोका कमी होतो. ज्याला त्या धोक्यातून बाहेर पडणे परवडत नाही, त्याचा पहिलाच निकाल मात्र अंतिम ठरतो.

शततमकाचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. एसएसएटीचा शततमक साऱ्या अमेरिकी मुलांच्या तुलनेत काढलेला नसतो. ती परीक्षा देणाऱ्या, त्याच इयत्तेतील मुलांच्या तुलनेत तो काढला जातो. हा गट मुळातच निवडक असल्याने त्यातील 58 हा शततमक सर्वसाधारण मुलीचा म्हणता येणार नाही. आयएसईईमध्ये 1 ते 9 अशी 'स्टॅनाइन' श्रेणी वापरतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाने रूढ केलेल्या या पद्धतीत 4, 5 आणि 6 या मधल्या तीन श्रेणींत 54 टक्के विद्यार्थी येतात. म्हणून 5 आणि 6 यांतील फरकाला पालक देतात तेवढे महत्त्व देण्याचे कारण नाही.

भारतीय इतिहासातील एक दाखला

दुसरी संधी नियमाने कशी हिरावली जाते याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. 1855 पासून भारतीय मुलकी सेवेसाठी लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली, तेव्हा वयाची कमाल मर्यादा 23 वर्षे होती. ती टप्प्याटप्प्याने खाली येत 1878 पासून 19 वर्षांवर आली. परीक्षा कागदोपत्री सर्वांना खुलीच राहिली. परंतु समुद्र ओलांडून परक्या भाषेत परीक्षा देणाऱ्या भारतीय तरुणाला पहिल्या प्रयत्नातून शिकून पुन्हा बसण्यास अवकाशच उरला नाही. इंडियन असोसिएशनने याविरुद्ध देशव्यापी चळवळ उभारली. 1892 मध्ये मर्यादा पुन्हा 23 वर्षांपर्यंत वाढविण्यात आली, तर भारतात परीक्षा घेण्यास 1922 मध्ये प्रारंभ झाला. प्रयत्नांची संख्या हा प्रशासकीय तपशील वाटला, तरी तो कोणाला आत घ्यायचे याचा निर्णय असतो, हे यावरून स्पष्ट होते. नेट-सेट परीक्षांना अनेकदा बसलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे वेगळे सांगावयास नको.

निर्णयाचे निकष

या इतिहासाच्या आधारे काही निकष मांडता येतील. पहिल्या व दुसऱ्या परीक्षेच्या दरम्यान काही बदलणार आहे काय, हा पहिला प्रश्न. आजारपण, परीक्षापद्धतीचा अपरिचय किंवा शाळेत न शिकविलेला एखादा घटक ही कारणे दूर करता येण्याजोगी आहेत. यांपैकी काहीच नसेल, तर पुन्हा बसणे म्हणजे केवळ नशिबाची परीक्षा होय. एखाद्या दिवशी अपवादाने कमी पडलेले गुण पुढील वेळी कोणत्याही शिकवणीविना सरासरीकडे सरकण्याचा संभव असतो. 1886 मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील व अपत्ये यांच्या उंचीच्या अभ्यासातून मांडलेले तत्त्व येथेही लागू पडते. मात्र त्या वाढीचे श्रेय शिकवणीवर्ग घेतात.

शाळा निवडीत या गुणांना किती महत्त्व देते, हा दुसरा प्रश्न. शालेय प्रगतिपत्रक, शिक्षकांची शिफारस, मुलाखत आणि निबंध यांचाही विचार होतो. 2020 च्या महासाथीत अनेक खासगी शाळांनी प्रवेशपरीक्षेची अट शिथिल केली आणि तरीही प्रवेश दिले. तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न म्हणजे, मुलीचे स्वतःचे मत काय आहे? तेरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्यांदा परीक्षेस पाठविताना 'तू कमी पडलीस' हाच संदेश पोहोचत असेल, तर मिळालेल्या गुणांपेक्षा गमावलेला आत्मविश्वास अधिक महाग पडेल.

समारोप

दोन दिवसांनी मी त्या विद्यार्थिनीला उलट दूरध्वनी केला आणि हे प्रश्न प्रथम मुलीला विचारण्यास सांगितले. चुकीच्या उत्तरासाठी पाव गुण वजा होतो या धास्तीने मुलीने बरेच प्रश्न कोरे सोडले होते. पाच पर्यायांपैकी दोन निश्चितपणे खोडता येत असतानाही तिने उत्तर दिले नव्हते. हे कारण दूर करता येण्याजोगे होते आणि पुन्हा बसण्याची तिची स्वतःची तयारीही होती. कोणताही वर्ग न लावता घरी सराव करून ती जानेवारीत बसली. गुणांत मध्यम वाढ झाली. मार्चमध्ये एका शाळेने तिला प्रवेश दिला, दुसरीने प्रतीक्षायादीत ठेवले.

या एका उदाहरणावरून पुनर्परीक्षा नेहमी हितकारक असते असा निष्कर्ष काढता येणार नाही. प्रवेशपरीक्षा कुवतीचे अंतिम माप नव्हे, हे मात्र विसाव्या शतकाच्या इतिहासाने पुरेसे स्पष्ट केले आहे. तसेच, दुसरी संधी ज्यांना माहिती, पैसा आणि वेळ यांच्या अभावी घेता येत नाही, त्यांच्यासाठी पहिली संधीही खऱ्या अर्थाने समान नसते. आपल्याकडे 2019 पासून जेईई मेन वर्षात एकाहून अधिक वेळा होऊ लागली असून त्यांतील उत्तम गुण ग्राह्य धरले जातात. त्यामुळे हा प्रश्न आता न्यू जर्सीपुरता उरलेला नाही. आपल्या वर्गातील जो विद्यार्थी दुसऱ्यांदा अर्ज भरावा की नाही हे विचारण्यासाठी आपल्यापर्यंत येतो, त्याला उत्तर मिळते. जो येत नाही, त्याच्यापर्यंत आपण पोहोचणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.