माफीचा अर्ज

अंगुलिमाल भिक्खू झाला तरी लोकांनी त्याला दगड मारले आणि तथागतांनी ते सोसायला सांगितले, ही गोष्ट आम्ही विहारात लहानपणापासून ऐकली. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास वाचताना ती हमखास आठवते.

१९९४ साली तिथली वर्णभेदी राजवट गेली. १९९५ मध्ये कायदा झाला : राजकीय हेतूने हिंसा केली असेल तर अर्ज करा, सगळे खरे सांगा, माफी मिळेल. पश्चात्तापाची अट नव्हती, हे आम्हाला आजही खटकते. सात हजारांवर अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले.

अर्ज लढणाऱ्यांनाही करावा लागला. रॉबर्ट मॅकब्राइड यांनी १९८६ मध्ये डर्बनला बारसमोर मोटारबॉम्ब लावला. तीन बाया गेल्या. त्यांना २००१ मध्ये माफी मिळाली. लढा न्यायाचाच होता. पण त्या तिघींच्या घरच्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलीस कोठडीतल्या मारहाणीने गेले. त्यांच्या घरच्यांना माफी नको, खटला हवा होता. ते कोर्टात गेले, १९९६ मध्ये हरले. पोलिसांनी अर्जातही झटापटीचीच कथा लावून धरली. १९९९ मध्ये अर्ज फेटाळले. आणि २००३ मध्ये सरकारी वकील म्हणाले, खटल्यापुरता पुरावा नाही!