हिरवळीवरचा धीर

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात समुद्रकाठी क्लीव्हडन हे लहानसे गाव आहे. तेथील क्लबाच्या हिरवळीवर डेव्हिड ब्रायंट (१९३१–२०२०) यांना लॉन बोल्सचा खेळ घरच्या वारशानेच लाभला. पेशाने ते शाळामास्तर होते.

खेळ दिसावयास सोपा. ‘जॅक’ नावाच्या लहान चेंडूच्या ज्याचा गोळा अधिक जवळ थांबेल, त्याची सरशी. परंतु गोळ्याची घडणच मुद्दाम एकांगी ठेवलेली असते. वेग मंदावू लागला की तो वळतो. म्हणून जो सरळ लक्ष्यावर नेम धरील, तो चुकेल. वळण आधीच ओळखून गोळा बाजूस सोडावा लागतो, आणि एकदा हातातून सुटला की इलाज उरत नाही.

उतारवयातील विरंगुळा म्हणून हिणविल्या गेलेल्या या खेळात, तोंडात पाईप धरून, ब्रायंट यांनी १९६२, १९७०, १९७४ व १९७८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत एकेरीचे सुवर्णपदक पटकाविले. १९६६ साली किंग्स्टन येथील स्पर्धांत हा खेळच नव्हता; पण त्याच वर्षी सिडनीस भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ते एकेरीचे अजिंक्यवीर ठरले. १९८० साली तो मान त्यांनी पुन्हा मिळविला, आणि १९८८ साली ऑकलंड येथे तिसऱ्यांदा. त्या वेळी त्यांचे वय ५६ होते!

२०२२ साली बर्मिंगहॅम येथे भारतीय महिलांच्या चौकडीने याच खेळात सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आपल्याकडील अनेकांचे लक्ष प्रथमच त्याकडे वळले. बळ ओसरू लागते त्या वयातही धीर व अंदाज माणसाला सोडून जात नाहीत, हे क्लीव्हडनच्या मास्तरांनी त्याआधीच दाखवून ठेवले होते.