गिरणी कामगार स्त्रियांचा हक्कलढा : मुंबई आणि वडूज

मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या, तसेच गिरणीतल्या तुटपुंज्या पगाराला गावाकडे जोड देऊन संसार चालवणाऱ्या स्त्रियांचा हक्कांसाठीचा लढा. वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण, येरळा नदीच्या काठी, पर्जन्यछायेत वसलेले. इतिहासात त्याचे नाव येते ते ‘चले जाव’ चळवळीत ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चावर झालेल्या गोळीबारामुळे. मनिऑर्डरींवर चाललेल्या संसारांमुळे नव्हे. मुंबईच्या गिरण्या भरात होत्या तेव्हा इथे कापडगिरणी नव्हती. पण रत्नागिरीप्रमाणेच साताऱ्यानेही त्या गिरण्यांना माणसे पुरवली, आणि खटाव-माणच्या कोरडवाहू पट्ट्याला मुंबईचा रस्ता दुष्काळानेच दाखवला. म्हणून हा लढा केवळ गिरणीच्या हजेरीपटावरून मोजला, तर त्यातला मोठा भाग हिशेबाबाहेर राहतो.

हजेरीपटावरचा भागही लहान नाही. स्त्रिया मुख्यतः रीळिंग आणि वाइंडिंग या खात्यांत असत: सुताच्या लडी करायच्या, बॉबिनवरचे सूत पुढच्या कामासाठी गुंडाळायचे, तुटलेला धागा चटकन सांधायचा. मजुरी बहुधा कामाच्या मापावर. म्हणजे सूत कच्चे आले आणि धागा वारंवार तुटला की तोटा बाईचा. वर बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीची मर्जी. तरीही २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साप्ताहिक सुट्टीसाठी भरलेल्या सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या, आणि त्याच वर्षी रविवारची सुट्टी पदरात पडली. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप आणि त्यानंतरचे लढे यांत उषाताई डांगे व पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुढे आल्या. पार्वतीबाईंचे ‘एका रणरागिणीची हकिकत’ हे आत्मकथन या काळाचा मोलाचा पुरावा आहे.

मात्र लढा वाढत असताना गिरणीतल्या बायका कमी होत गेल्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. १९८० च्या आसपास तो पाच टक्क्यांच्याही आत आला. याचा दोष संरक्षक कायद्यांवर टाकण्याची रीत आहे. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली आणि १९२९ मध्ये कायदा झाला; पण भत्त्याचा बोजा मालकावर असल्याने विवाहित बाई त्याला महाग वाटू लागली. रात्रपाळीच्या बंदीमुळे दोन-तीन पाळ्यांच्या गिरणीत तिची सोय लागेना. हे खरे, पण पुरेसे नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने प्रसूतीचा खर्च मालकाच्या खिशातून निधीकडे नेला, तरी घसरण थांबली नाही. रीळिंगचे काम आटले, यंत्रे बदलली, हेही कारण होतेच. परंतु त्या बायकांना दुसऱ्या खात्यात का घेतले नाही, याचे उत्तर यंत्र देत नाही. ते उत्तर पगाराच्या कल्पनेत आहे. गिरणी पुरुषाची आणि बाईची कमाई वरकड, हे मालकाने मानलेच. युनियननेही त्याला फारसा धक्का दिला नाही. छाटणीची कुऱ्हाड मग आधी कोणावर पडणार, हे ठरल्यासारखेच होते.

वडूजचा संबंध इथे येतो. पुरुषाच्या ज्या पगाराला कुटुंबाचा पगार म्हटले, तो कुटुंबाला पुरत नव्हता. मुंबईत माणूस खाणावळीत जेवे आणि दाटीवाटीच्या खोलीत झोपे. पोरे, म्हातारी आणि चार एकर जिराईत गावी बाईच्या अंगावर. असा आक्षेप घेता येईल की ती शेतकरीण होती, तिला गिरणी कामगार म्हणणे ही ओढाताण आहे. व्याख्या काटेकोर ठेवली तर आक्षेप रास्त ठरतो. पण मग १९२८ चा सहा महिन्यांचा संप कशावर टिकला, ते सांगता येत नाही. पुढेही तेच दिसले: १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा त्यांतले कितीतरी गावी परतले आणि चूल पेटत राहिली ती घरच्या बाजरीवर व रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर. मुंबईत खाणावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातले. त्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले होते. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात परतलेल्या संपकऱ्यांच्या सहभागाने मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे प्रश्न तिने हाती घेतले आणि पुढे वडूजवरून वाहत येणाऱ्या त्याच येरळेवर बळीराजा धरण बांधण्यात आले. १९८२ चा संप हरला, हे मान्य. पण तो कोणाच्या श्रमावर इतका लांबला, हा प्रश्न त्याने निकालात निघत नाही.

पुढे गिरण्या बंद पडल्या; त्यांच्या जागेवरील, कामगारांसाठीच्या घरांची पहिली सोडत म्हाडाने २०१२ मध्ये काढली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर पटावर असलेल्यांना, अथवा त्यांच्या वारसांना, घर मागता येते. वारस म्हणून अर्ज करणाऱ्या विधवेला नवऱ्याचा तिकीट नंबर आणि गिरणीतल्या नोकरीचा कागद दाखवावा लागतो. तिने गावी काढलेल्या वर्षांची नोंद कुठल्याच पटावर नसते.